रिपोर्ट कुठे ठेवायचे?

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

रुग्णालयाच्या ॲपमध्ये तपासणीचे रिपोर्ट कुठे ठेवायचे यावरून टीममध्ये रोज खडाजंगी होते, असं तू फोनवर म्हणालीस. पॅथॉलॉजीवाल्यांना ते 'पॅथॉलॉजी'खाली हवेत, एक्स-रेवाल्यांना 'रेडिओलॉजी'खाली, आणि 'माझे रिपोर्ट' असं एकच बटण ठेवा म्हणणारी तू एकटी. माझ्या मते तू बरोबर आहेस. पण 'मला असं वाटतं' एवढ्यावर कोणी ऐकत नाही. तुझ्या आधी हाच प्रश्न वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या लोकांनी सोडवलाय, त्यांची उदाहरणं हाताशी असू देत, म्हणून हे पत्र.

माझं आयुष्य ग्रंथालयात गेलं, तेव्हा सुरुवात तिथूनच. पुस्तक कपाटात एकाच जागी राहू शकतं, पण त्याचे विषय तीन-चार असतात. लहान मुलांच्या क्षयरोगावरच्या उपचारांचा इतिहास सांगणारं पुस्तक बालरोगात लावायचं, क्षयरोगात की इतिहासात? मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालांनी १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा मोठे वर्ग पाडले आणि प्रत्येक पुस्तकाला एक आकडा दिला. काम प्रचंड सोपं झालं. पण धर्मासाठी ठेवलेल्या २०० ते २९९ या आकड्यांतली बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली आणि जगातले बाकी सगळे धर्म शेवटच्या दहा आकड्यांत दाटीवाटीने बसले. मांडणी करणाऱ्याचं जग मांडणीत उतरतं, ते असं. तुमच्या मेन्यूत विभागांची नावं येतात तीही याच कारणाने. रुग्णालय आतून जसं चालतं, तसं ते बाहेरच्याला दाखवलं जातंय. रिपोर्ट कुठल्या विभागाने काढला याच्याशी रुग्णाला काय देणंघेणं?

यावरचं उत्तर रंगनाथन यांनी दिलं. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक, पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३३ साली आलेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात पुस्तकाला एका खणात कोंबायचं नसतं, त्याचे पैलू सुटे करायचे असतात. कोणाबद्दल, कशाचं, कुठली क्रिया, कुठे, कधी. मग यातले हवे ते पैलू जोडून वर्गांक तयार करायचा. ऑनलाइन खरेदी करताना तू रंग, माप आणि किंमत असे फिल्टर लावतेस ना, तो हाच विचार. स्क्रीनला कपाटाची अडचण नाही. एकच रिपोर्ट तारखेने सापडू दे, डॉक्टरांच्या नावाने सापडू दे, तपासणीच्या नावानेही सापडू दे. विभाग हाही एक पैलू म्हणून राहू दे, म्हणजे पॅथॉलॉजीवालेही रुसणार नाहीत. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. मीटिंगमध्ये वाद वाढला की मी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं असतं.

आता विमानांकडे ये, कारण हे उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ जातीची बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवर असतानाच वैमानिक फ्लॅप्सऐवजी, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांऐवजी, चाकं आत घ्यायचा. विमान पोटावर आपटायचं. चौकशीत 'वैमानिकाची चूक' असा शेरा पडायचा. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट नीट पाहिलं, तर चाकांचा आणि फ्लॅप्सचा असे दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि दिसायला अगदी सारखे. मोहिमेवरून परतलेल्या थकल्या माणसाचा हात चुकणारच. त्याने एका स्विचच्या टोकाला रबरी चाक बसवलं आणि दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. आता न बघता, नुसत्या बोटांना कळत होतं की आपण काय ओढतोय. वैमानिक तेच होते, चूक मात्र थांबली. तुझ्या ॲपमध्ये 'अपॉइंटमेंट बदला' आणि 'अपॉइंटमेंट रद्द करा' ही दोन बटणं एकाच रंगाची, एकाच आकाराची आणि एकाखाली एक आहेत. मला ते बघवत नाही. ती वेगळी कर, उद्याच कर.

याहून गंभीर प्रकार अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात झाला, २८ मार्च १९७९ रोजी. अणुभट्टीच्या यंत्रणेतली एक झडप उघडी अडकली आणि थंड ठेवणारं पाणी त्यातून वाहून जाऊ लागलं. नियंत्रणकक्षातला त्या झडपेचा दिवा विझलेला होता, म्हणून तिथल्या लोकांनी झडप बंद आहे असं धरलं. पण तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडप बंद होण्याचा इशारा गेलाय, एवढंच तो सांगत होता. दोन तासांहून जास्त वेळ पाणी जात राहिलं आणि भट्टीचा गाभा अर्धवट वितळला. कारणं आणखीही होती, पण या दिव्याने माणसांची दिशाभूल केली यात शंका नाही. आता तुमचं ॲप बघ. बटण दाबल्याबरोबर हिरवी खूण करून 'अपॉइंटमेंट निश्चित' म्हणतं, पण रुग्णालयाच्या नोंदीत ती खरंच पडलीय का, हे त्याने तपासलेलं असतं का? नसेल, तर 'विनंती पाठवली, उत्तराची वाट बघतोय' असं लिहायला हवं. चार शब्द जास्त लागले तरी चालेल.

सर्च हवा की मेन्यू, असंही तू विचारलं होतंस. शब्दकोश वर्णानुक्रमे असतो, म्हणजे शब्द माहीत असलेल्यालाच तो उपयोगी. संस्कृतातल्या अमरकोशाची मांडणी विषयवार आहे. स्वर्ग, पृथ्वी, वनस्पती, माणूस अशा वर्गांत एकेका अर्थाचे सगळे शब्द एकत्र. ज्याला अर्थ ठाऊक आहे पण शब्द सुचत नाही, त्याच्यासाठी ती सोय. तुझ्याकडेही ही दोन्ही माणसं येतात. एकाला 'थायरॉइड प्रोफाइल' हे नाव पाठ असतं, दुसऱ्याला फक्त थकवा येतो. पहिल्याला सर्च दे, दुसऱ्याला मेन्यू. एकावर भागणार नाही.

आणि मेन्यूत सातच गोष्टी हव्यात हा तुमच्या साहेबांचा आग्रह सोडून द्यायला सांग. हा साताचा आकडा ज्यातून आला, तो मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा प्रसिद्ध लेख माणूस थोड्या वेळासाठी डोक्यात किती गोष्टी धरून ठेवतो, अशा मर्यादांबद्दल आहे. मेन्यू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करावा लागत नाही. बारा नावं सुबोध असतील, तर ती सात दुर्बोध नावांपेक्षा कधीही बरी.

एक काम सांगते. ॲपमधली प्रत्येक गोष्ट एकेका कार्डावर लिही. ती कार्डं विभागप्रमुखांना देऊ नकोस, बाहेर बाकावर बसलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना दे. जे एकत्र वाटतं त्याचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्याला तुमच्या शब्दांत नाव द्या, एवढंच म्हण. मध्ये बोलू नकोस, समजावू तर मुळीच नकोस. 'बिलाची भानगड' असं नाव कोणी दिलं, तर तेही तसंच टिपून घे. वयस्कर माणसं आणि पहिल्यांदाच आलेली माणसं त्यांत असायलाच हवीत. झालं की मला सगळी नावं पाठव, आणि 'इतर' म्हणून बाजूला ठेवलेला गठ्ठा किती मोठा झाला ते आधी कळव. तो जाड असेल, तर मेन्यू पुन्हा पहिल्यापासून मांडू, मी रविवारी मोकळीच आहे.

तुझी,
आई