केजन कणीस तळताना मसाला कधी घालावा?

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाला की पुरवण्यांतून मक्याच्या पाककृतींची रेलचेल होते आणि अलीकडे त्यांत ‘केजन’ पद्धतीच्या तळलेल्या कणसालाही जागा मिळू लागली आहे. पदार्थ चविष्ट आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र कणसाला मसाला चोळून ते थेट उकळत्या तेलात सोडावे, असे जे पुष्कळदा सांगितले जाते, त्याने चव तर बिघडतेच, शिवाय भाजण्याचा धोकाही असतो. म्हणून हे पत्र.

केजन लोक हे मुळात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील अकादी प्रदेशात वसलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांचे वंशज. इंग्रजांनी १७५५पासून त्यांना तेथून हुसकावून लावले आणि त्यांतील बरेच जण पुढे अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या दक्षिण भागात स्थिरावले. त्यांच्या घरगुती स्वयंपाकात मका येतो तो मुख्यतः दोन रूपांत: कांदा, सिमला मिरची आणि टोमॅटोसह शिजवलेले दाणे, म्हणजे ‘माक शू’, आणि क्रॉफिश नावाच्या गोड्या पाण्यातील कवचधारी जिवांबरोबर मोठ्या हंड्यात उकडलेली कणसे, जी वर्तमानपत्रे पसरलेल्या टेबलावर सरळ ओतली जातात. (वर्तमानपत्राचा हा उपयोग संपादकांना कितपत रुचेल, कोण जाणे.) ‘केजन मसाला’ हे नाव जगभर पोचले ते बव्हंशी १९८०च्या दशकात, लुइझियानातील ओपेलूसस येथे जन्मलेले शेफ पॉल प्रुडोम यांच्यामुळे. लोण्यात बुडवून, मसाला लावून, तापलेल्या लोखंडी तव्यावर काळसर भाजलेला त्यांचा रेडफिश हा मासा इतका लोकप्रिय झाला की मेक्सिकोच्या आखातात त्या माशाच्या मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. मसाला आधी लावण्याची पद्धत बहुधा येथूनच कणसावर येऊन बसली असावी. परंतु तव्यावर मसाला लोण्यासह माशालाच चिकटून भाजला जातो, तर कढईत तो सुटून तेलात उतरतो, तळाशी जळतो आणि पुढच्या प्रत्येक घाण्याला कडवट करतो. म्हणून कणीस आधी मसाल्याशिवाय तळावे आणि बाहेर काढल्यावर, ते गरम असतानाच, मसाला घातलेल्या पातळ लोण्यात घोळवावे. मिरचीचा रंग आणि वास स्निग्ध पदार्थात चांगला उतरत असल्याने मसाला कोरडा भुरभुरण्यापेक्षा हे सरस ठरते.

चार कणसांना सुमारे ५० ग्रॅम बिनमिठाचे लोणी पुरते. त्यात दोन चमचे पाप्रिका (आपली काश्मिरी मिरचीपूड चालते), एकेक चमचा लसणाची आणि कांद्याची पूड, अर्धा-अर्धा चमचा काळी मिरी, पांढरी मिरी, ओरेगानो व थाइम, चिमूटभर जहाल तिखट आणि बेताचे मीठ घालावे. थाइम न मिळाल्यास थोडा चुरडलेला ओवा वापरण्यास हरकत नाही. दोहोंच्या वासामागे थायमॉल हेच द्रव्य आहे. बाजारातल्या तयार मिश्रणांपैकी काहींत सर्वांत अधिक प्रमाण मिठाचेच असते, तेव्हा वेष्टनावरील घटकांची यादी वाचून मगच मीठ घालावे.

आता तळणीविषयी. स्वीटकॉर्नच्या दाण्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते आणि वरचे साल घट्ट असते. आत कोंडलेली वाफ साल फोडून बाहेर पडली की दाण्याबरोबर तेलही उडते. त्यामुळे कणीस आधी उकडू नये, धुतल्यावर फडक्याने अगदी कोरडे टिपावे आणि फ्रीझरमधले बर्फाळलेले कणीस तर तेलात मुळीच सोडू नये, कारण तेल फेसाळून कढईबाहेर येऊ शकते. दोन-दोन इंचांचे तुकडे करावेत, खोल कढई निम्म्याहून कमी भरावी आणि तेल १७५ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावे. तापमापी नसल्यास पावाचा लहान तुकडा टाकून पाहावा; तो साधारण मिनिटभरात तांबूस झाला की तेल तयार आहे असे समजावे. एका वेळी तीन-चारच तुकडे लांब चिमट्याने अलगद सोडावेत आणि वर जाळी धरावी. सपाट झाकण ठेवल्यास वाफेचे थेंब उलट तेलात पडतात. दाण्यांवर ठिकठिकाणी सोनेरी डाग दिसू लागले, म्हणजे तीन-चार मिनिटांत, तुकडे बाहेर काढावेत. मुलांना या वेळी ओट्यापासून दूर ठेवावे, हे वेगळे सांगायला नको.

देशी मक्याचे कणीस यासाठी घेऊ नये. त्यात साखर कमी व पिष्ट अधिक असल्याने तळल्यावर ते चिवट होते. त्याचे खरे स्थान निखाऱ्यावरच. स्वीटकॉर्नही शक्यतो आणल्या दिवशीच वापरावे, कारण तोडणीनंतर त्यातील साखरेचे पिष्ट होऊ लागते आणि तो गोडवा मसाल्याने भरून निघत नाही.

आपल्या पुरवणीत ही पाककृती पुन्हा छापली जाईल तेव्हा तेलाचे तापमान, कणीस कोरडे करण्याची सूचना आणि मसाला घालण्याची वेळ या तीन गोष्टी साहित्याच्या यादीइतक्याच ठळकपणे द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे