चि. अमोलास

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास. मी परत लावला नाही, कारण फोनवर आपण दोघंही एकमेकांचं पुरतं ऐकून घेत नाही. म्हणून लिहायला बसले. ओवीचा ताप उतरला का ते आधी कळव. रूपालीला म्हणावं, तिला दोन दिवस शाळेत पाठवू नको.

तुझा जीव खाली पडावा म्हणून मुद्द्याचं पहिल्यांदा सांगते. आपल्या घरी राहणाऱ्या मनोजला मला दत्तक घेता येत नाही. मी यवतमाळला वकिलांकडं जाऊन आले.

मला वाटत होतं वयच आडवं येईल, तो आता 25 वर्षांचा. पण 1956 च्या कायद्यात 15 वर्षांच्या आतलाच दत्तक असावा असं असलं तरी जिथं रूढी आहे तिथं मोठाही चालतो, आणि महाराष्ट्रात तशी रूढी कोर्टानं मानलेली आहे. लग्न झालेलासुद्धा चालतो म्हणाले. त्याच्या लग्नाआधी कागद व्हावा म्हणून मी घाई करत होते, ती उगाचच होती. अडचण निघाली ती वेगळीच. ज्याला मुलगा, नातू किंवा पणतू हयात आहे त्याला दुसरा मुलगा दत्तक घेताच येत नाही. वकिलांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, तुमचा मुलगा पुण्याला आहे ना? मग विषयच संपला." शिवाय दत्तक द्यायलाही कुणी लागतं. आईनं किंवा बापानं द्यायचं आणि आपण घ्यायचं, तेव्हा ते दत्तक. मनोजला द्यायला कोण उरलं आहे? 2015 चा दुसरा एक कायदा आहे, पण तो 18 वर्षांच्या आतल्या लेकरांसाठी.

तू आहेस म्हणून तो होऊ शकत नाही, हे एसटीत मी मनात घोळवत आले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खरं सांगते. तुझ्या जागेवर कुणी येईल ही जी धास्ती तुझ्या आवाजात होती, तिला आता काही कारण उरलं नाही. तुझी जागा कायद्यानंच राखून ठेवली आहे.

राहता राहिलं एवढंच, की माझ्यामागं तुम्ही दोघं एकमेकांशी बोलाल की नाही. हे मी शेवटी लिहिणार होते. जाऊ दे.

तुझे बाबा सातवीच्या वर्गाला नागपूरकर भोसल्यांचा धडा शिकवायचे ते आठवतं? तिसरे रघुजी 1853 मध्ये वारले, पोटी मुलगा नव्हता, आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. बाकाबाई आणि बाकीच्या राण्या दत्तकासाठी किती धडपडल्या, ते सांगताना बाबांचा आवाज चढायचा. बाहेरच्या ओसरीत मनोज ज्वारीची कणसं खुडत असायचा आणि कान आत असायचे. एकदा त्यानं विचारलं, "गुरुजी, मंग त्या पोराचं काय झालं, ज्याले घेतलं त्याचं?" राज्याचं काय झालं ते सगळे विचारत, त्या पोराचं याच्याशिवाय कुणी विचारलं नसेल. बाबा त्या रात्री जेवताना म्हणाले, हे पोट्टं शिकलं पाहिजे.

तो तेव्हा नुसता येऊन-जाऊन होता. घरात राहायला आला तो 2017 च्या पावसाळ्यानंतर. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात फवारणीनं किती माणसं गेली, तू पेपरात वाचलंच होतंस. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, पंप पाठीवर, फवारा सगळा तोंडावर. मनोजचा बाप नामदेव दुसऱ्याच्या वावरात रोजानं गेला होता. संध्याकाळी डोळे चुरचुरतात म्हणाला, रात्री उलट्या सुरू झाल्या, यवतमाळहून जिवंत परत आला नाही. माय तर आधीच गेलेली. तेराव्यानंतर बाबा बंडी घेऊन गेले आणि त्याची पेटी आणि एक घोंगडी टाकून त्याला घेऊन आले. मला विचारलंसुद्धा नाही. मी भाकरी थापत होते, दोन जास्त थापल्या.

तू त्या वेळी पुण्यात नोकरीच्या पहिल्या वर्षात होतास. तुला पहिला पगार झाला त्याचे पेढे मनोजनंच गावात वाटले. "आमच्या अमोलभाऊले नोकरी लागली" असं सांगत फिरत होता. तू ते पाहिलं नाहीस म्हणून लिहिते.

आणि आता ते दुसरं, ज्यावर तू फोन ठेवलास. मनोजनं बाबांना अग्नी दिला म्हणून तो मुलगा झाला का, असं तू विचारलंस. नाही झाला. 2021 च्या कोरोनाच्या त्या दिवसांत ई-पास नव्हता, रूपालीचे दिवस भरत आले होते, तू निघाला असतास तर मीच तुला परत पाठवलं असतं. तू तिकडं रात्रभर फोन कानाला लावून बसला होतास, हे मला माहीत आहे. पण ऑक्सिजनचा बेड शोधत तो तीन दवाखाने हिंडला, आणि शेवटी स्मशानात त्या निळ्या कपड्यांत तो एकटा उभा होता. आल्यावर अंघोळ करून कोठ्यात जाऊन बसला. मला म्हणाला, "काकू, मी अमोलभाऊच्या नावानं दिला." हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. तुला लागेल असं वाटत होतं. आज सांगते, कारण तो तुझी जागा घेऊन उभा नव्हता, तुझ्या वतीनं उभा होता.

जातीचं तू जे बोललास ते मी कुणाला सांगितलं नाही, ताईलाही नाही. कायदा जात विचारत नाही. तुझ्या बाबांच्या घरात वाढलेल्या मुलानं विचारावी याचं मला वाईट वाटलं, आणि रागात बोललास हेही मला कळतं. त्यावर आणखी लिहीत नाही.

माझ्या नावचं विहिरीजवळचं अडीच एकर मी मनोजला देणार आहे. ते माझं आहे, बाबांनी फंडातून माझ्या नावानं घेतलेलं. वडिलोपार्जित सात एकराला हात लावत नाही, त्यात तू, ताई आणि मी. आजच बक्षीसपत्र करावं म्हटलं तर त्यातही गंमत बघ, पोटच्या मुलाला शेत द्यायला 200 रुपयांचं मुद्रांक शुल्क, आणि मनोजला द्यायचं तर सरकारी किमतीवर पूर्ण. एवढा पैसा कापूस घरात पडून असताना कुठून आणू? म्हणून मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरे. पण मृत्युपत्र माझ्यामागं चालणार, आणि तेव्हा मी नसणार. तू कोर्टात गेलास तर त्या पोराजवळ वकिलाला द्यायला पैसा नाही आणि तुझ्याशी भांडायची छातीही नाही. तो निमूट बाहेर निघेल. पेटी उचलेल आणि निघेल. मला झोप येत नाही ती यामुळं.

बघ, परत तिथंच आले.

अमोल, मोठेपण वयानं येत नाही. माणूस धाकट्याला किती सांभाळून घेतो त्यावर ते असतं. पैसा पुण्यात खूप मिळेल, पण अडल्यावेळी रात्री दोनला उठून येणारा माणूस सोसायटीत मिळत नाही. ओवी मोठी होईल, तिला सख्खं भावंड नाही, तिला गावात काका म्हणून हाक मारायला कुणी असावं असं तुला वाटत नाही का? तू हिशेबानं विचार करतोस, थोडा…

हे अंगणवाडीतल्या बाईसारखं झालं. माफ कर. तू 35 वर्षांचा आहेस, कंपनीत चाळीस माणसं सांभाळतोस, तुला धडे द्यायची गरज नाही. मी गावात तुझं नाव सांगते तेव्हा माझा ऊर भरून येतो, हेही लिहून ठेवते, कारण फोनवर ते कधी बोलले नाही.

आता लग्नाचं. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळेना झाली आहे, हे तुला मी सांगायला नको. राळेगावकडचे हे लोक चांगले आहेत. मुलीच्या मामानं एकच विचारलं, "पोराच्या मागं कोण हाय?" मी म्हणाले, मी आहे. तो म्हणाला, तुमच्यानंतर? मला उत्तर देता आलं नाही. ताई जवळ बसली होती, ती म्हणाली मी दरवर्षी राखी बांधते. पण ताई वर्ध्याला, तिचं सासर. मामा माझ्याकडंच बघत राहिला.

पत्रिकेबद्दल तुला कुणी सांगितलं ते चूक आहे. आपलं आडनाव मी त्याला लावणार नाही. त्याच्या बापाचं नाव तिथं राहील, ते पुसायचा अधिकार मला नाही. निमंत्रकांत मात्र तुझं नाव हवं, मोठा भाऊ म्हणून. दत्तकाचं मी पहिल्यांदा त्याच्याजवळ काढलं तेव्हा तो काय म्हणाला माहीत आहे? "अमोलभाऊले विचारलं का?" आनंद नाही, काही नाही. मग वखर जुंपायला गेला.

तर तुला विचारते. कायद्यानं ते मला करता आलं नाही, तुला करता येतं, आणि त्याला स्टँपपेपर लागत नाही. नाही म्हणायचं असेल तर तेही स्वच्छ लिही. मी रागावणार नाही, लग्न होईल, फक्त त्या मामाला मला खरं सांगावं लागेल.

मृत्युपत्राच्या मसुद्याची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. गट नंबर आणि विहिरीच्या पाण्याच्या हिश्शाचं कलम नीट वाच, तिथं पुढं तुमच्यात वाद होईल असं वकिलांनी सांगितलं. तुझ्या सात एकराला त्या विहिरीचं पाणी आठवड्यातून तीन दिवस, असं मी घातलं आहे. कमी वाटत असेल तर पेन्सिलनं खूण करून परत पाठव, सही त्यानंतर करीन. आणि हळदीच्या दिवशी येतोस की थेट लग्नाला ते कळव, वरच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घ्यायचा आहे.

ओवीला गोड पापा, रूपालीला आशीर्वाद.

तुझी,
आई