समेवर आरसा फुटायला हवा

दांडिया बाजार, बडोदे
मंगळवार

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. पोरांच्या लघुपटाला पार्श्वसंगीत द्यायला तू तयार झालास, फार बरं वाटलं. पण ‘हे शास्त्रीय नव्हे, नुसता भरणा’ हे तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. तू मात्रा मोजतोस, इथे फ्रेम मोजायच्या. समेवर, तालाच्या फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर, येणं दोन्हीकडे सक्तीचंच.

तुझाच प्रसंग घेऊ. दार उघडल्यापासून आरसा फुटेपर्यंत साडेसदतीस सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे ९०० फ्रेम. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरलीस तर ६० मात्रा जातात आणि आरसा त्रितालाच्या तेराव्या मात्रेवर फुटतो. तिथे टाळी आहे, पण कान समेची वाट बघत बसतो. सोळा मात्रांची चार पूर्ण आवर्तनं हवीत, म्हणजे ६४ मात्रा. ९०० ला ६४ ने भागलं की १४ आणि वर थोडं उरतं. क्लिक, म्हणजे वाजवताना कानात पडणारा मात्रेचा ठोका, सरळ १४ फ्रेमची ठेव. लय मिनिटाला १०३ च्या आसपास येते. ६४ मात्रांना ८९६ फ्रेम लागतात, उरतात चार. त्या भरायला लय ओढू नकोस, संगीतच चार फ्रेम उशिरा सुरू कर. सम एखाद-दुसरी फ्रेम मागे पडली तरी खपते, कारण आधी दिसणं आणि मग ऐकू येणं आपल्या सवयीचं आहे. चित्राच्या आधी आली की लगेच खटकते.

तिथे तिहाई टाकायचा, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचा, मोह तुला होणारच! पाच मात्रांचा तुकडा, मध्ये एक मात्रा थांबा: पाच-एक-पाच-एक-पाच, समेपासून समेपर्यंत. या लयीत ती नऊ सेकंदांहून जास्त घेते, आणि दुसऱ्या पल्ल्यालाच ऐकणाऱ्याला चाहूल लागते की आता काहीतरी होणार. दचकवायचंय तिथे ती मारक. पोरगं कैऱ्या चोरून पळतंय, तिथे खुशाल घे.

हिशेबाला बसण्याआधी संकलन करणाऱ्या पोराला दोन गोष्टी विचार: काटछाट संपली का, आणि पट सेकंदाला २४ फ्रेमचा की २५ चा? २५ चा निघाला तर तेच ९०० फ्रेम ३६ सेकंदांत संपतात आणि तुझी सम दीड सेकंद मागे राहते. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झवर कर. ४४.१ ची फाइल कुणी ४८ ची समजून लावली तर ती नऊ टक्के जलद धावते आणि षड्ज जवळपास दीड अर्धस्वराने चढतो. मग सगळे सतारीच्या खुंट्यांना दोष देतात.

क्लिक कानात ऐकताना हेडफोन बंद कपांचा घे, नाहीतर आलापीच्या शांततेत तो माइकमधून टकटकतो. तरफांची, सतारीच्या खालच्या आपोआप गुंजणाऱ्या तारांची, आसही सांभाळ. दृश्य बदललं तरी ती रेंगाळते, म्हणून शेवटचा स्वर कटाच्या थोडा आधी सोड.

आता खरी अडचण. तुला तानपुऱ्यावर पियानोही हवाय. तानपुऱ्यातला स्वयंभू, तारेतून आपोआप उमटणारा, गंधार पियानोच्या गंधारापेक्षा १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. दोन्ही एकत्र लांबले की स्वर थरथरतात आणि कुणीतरी बेसुर आहे असं वाटत राहतं. पियानोला फक्त सा-प दे (पंचमातला फरक दोनच सेंटचा, कळत नाही) आणि गंधार व्हायोलिनकडे सोपव. व्हायोलिनं घेणार असशील तर पेटीवरच्या काळी एकऐवजी पांढरी दोनचा सा धर. मोकळ्या तारा कामी येतात, आवाज खुलतो. संवादाखाली मात्र सारंगी नको. तिचा आवाज माणसाच्या गळ्याजवळचा, शब्द गिळते. तिथे खर्जातले स्वर पुरे.

तुझं एक म्हणणं मान्य: राग सावकाश फुलवायला, बढतीला, इथे जागा नाही. दरबारीचा आंदोलित गंधार चौदा फ्रेमच्या ठेक्यात गुदमरेल. दोन वाक्यांत ओळख पटेल असाच राग घ्यायला हवा. १९५५ च्या ‘पथेर पांचाली’त मुलगी गेल्याचं बापाला कळतं, तेव्हा आईचं रडणं ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई या गजाच्या तंतुवाद्यावर पटदीप राग वाजतो. रविशंकरांनी त्या चित्रपटाचं बहुतेक संगीत एका रात्रीत मुद्रित केलं होतं. घाईतलं काम म्हणून त्याला भरणा म्हणशील? आणि तिकडे रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हने १९३८ च्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’चं संगीत पुढच्याच वर्षी मैफलीसाठी बांधून दिलं. ते आजही पडद्याशिवाय वाजतं.

‘कागदावर लिहून वाजवणं आपलं नाही’ हे तरी बडोद्याला ऐकवू नकोस. संगीतज्ञ मौलाबक्षांनी १८८६ पासून इथल्या गायनशाळेत स्वरलेखनावरच मुलं शिकवली.

पोरांकडून पडद्यावर टाइमकोड, म्हणजे चालू वेळेचे आकडे, उमटवलेली प्रत मागून घे. एका कागदावर प्रत्येक तुकड्याचं सुरू-बंद, सेकंद, मात्रा आणि षड्ज लिहून मला पाठव. बारा मिनिटांत सहा-सात मिनिटांपेक्षा जास्त संगीत भरलेलं दिसलं तर मी खोडणार आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर