विश्वास वॉर्डात दिसू दे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परिचारिका दिनाला, म्हणजे 12 मेला, तुमच्या पेपरात आम्हा नर्सेसवर अख्खं पान आलं होतं ते सावकाश वाचलं. चांगलं लिहिलंय. फक्त त्यात एका ठिकाणी असं होतं की या पेशात ख्रिस्ती बायका पहिल्यापासून बऱ्याच आहेत कारण त्यांच्यात सेवाभाव उपजतच असतो. उपजत वगैरे काही नसतं हो. मी नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली, सगळी नोकरी वॉर्डात गेली, आता रिटायर आहे, आणि हा सेवाभाव कुठून येतो आणि रोज कसा टिकवावा लागतो ते सांगावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

आधी आमच्या बायका या कामात का आल्या ते. डॉ. विल्यम वानलेस कॅनडाचे, त्यांनी 1894 साली मिरजेत हॉस्पिटल काढलं, सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. त्या काळी परक्या माणसाचं अंग पुसायचं, शौचाचं भांडं द्यायचं, जखमेतला पू काढायचा, ह्याला लोक विटाळ मानायचे, बऱ्या घरची माणसं मुलींना पाठवायची नाहीत. मग मिशनच्या मुली आल्या, त्यातल्या बऱ्याच दलित घरातल्या, काही दुष्काळात पोरक्या झालेल्या. केडगावला पंडिता रमाबाईंनी पण मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली आणल्या त्यांना नुसती प्रार्थना नाही शिकवली, छापखान्याचं काम, विणकाम, अंध मुलींना ब्रेल सगळं शिकवलं. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांचा विश्वास हाताला काम लागलं तिथूनच सुरू झाला, आणि मला वाटतं आज चर्चमध्ये आपण नेमकं तेच विसरत चाललोय.

रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, लोक उभे राहतात तेव्हा काय सांगतात? घर झालं, मुलाला व्हिसा मिळाला, प्रमोशन मिळालं. देवाचे आभार मानावेत, जरूर मानावेत. पण आठवडाभर तुम्ही ऑफिसात, शाळेत, दुकानात, वॉर्डात कसे वागलात हे कुणी विचारत नाही. सेवा म्हटलं की क्वायर, संडे स्कूल आणि महिला मंडळ, आणि सोमवारी सकाळी सात वाजता नाइटच्या नर्सकडून वॉर्डाचा हँडओव्हर घेते ती मात्र नोकरी. असं कसं चालेल? बायबलात मत्तयच्या 25व्या अध्यायात प्रभू म्हणतो मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझा समाचार घेतला, आणि चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत तो शोमरोनी वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधून, त्याला आपल्या जनावरावर बसवून, उतारशाळेत नेऊन वर दोन दिनार देऊन पुढची सोय पण करून जातो. त्या गोष्टीत प्रवचन कुठेच नाही, सगळं कामच आहे.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक इन्चार्ज सिस्टर होत्या, ख्रिस्तीच. अर्धांगवायूच्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते, पाठ, माकडहाड, टाचा बघायच्या, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, नाहीतर कातडी लाल होते आणि मग बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम. नाइटला तीन वाजता हे कुणी बघायला येत नाही, चार्टवर सही करून मोकळं होता येतं. सिस्टर सकाळी आल्या की आधी पेशंटच्या टाचा बघायच्या आणि मग चार्ट. एकदा एक नवी मुलगी ड्यूटीवर बायबल वाचत बसली होती तर तिला म्हणाल्या, अगं ते लॉकरमध्ये ठेव, आधी त्या आजीच्या पाठीला हात लाव, मग दोघी मिळून वाचू.

पण मला त्यांची खरी आठवण आहे ती मावशींवरून. आमच्याकडे सफाईच्या आणि आयाच्या कामाला बायका ठेकेदाराकडून होत्या, ठेकेदार हजेरीतले दोन-तीन दिवस सरळ खायचा आणि पगार पण कधी वेळेवर नाही. सिस्टरनी स्वतःची एक वही केली, कुठली मावशी कधी आली कधी गेली, रोजची सही किंवा अंगठा, आणि महिना संपला की ती वही घेऊन स्वतः ऑफिसात जाऊन उभ्या राहायच्या, क्लार्क वैतागायचा, साहेब वैतागायचे, पण पैसे निघायचे. पेशंटची सेवा सगळ्यांना दिसते, तिचं कौतुक पण होतं. आपल्याबरोबर काम करणाऱ्या आणि आपल्यापेक्षा कमी पगाराच्या माणसाची काळजी घ्यायला जास्त विश्वास लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक, आमच्यातल्या काही लोकांना हे आवडणार नाही. पेशंट आडवा असतो, घाबरलेला असतो, पाणी पाजायला पण आपल्यावर अवलंबून असतो. अशा वेळी उशाखाली पत्रक सरकवणं बरोबर नाही. त्यानं स्वतःहून म्हटलं की सिस्टर माझ्यासाठी प्रार्थना करा तर जरूर करावी, मी पण केलेली आहे, हात हातात घेऊन केलेली आहे. न मागता नाही. तो उठून घरी जाऊ शकत नाही हे आपण विसरायचं नाही.

आणि सेवेचा मक्ता काही आमचा नाही. सावित्रीबाई 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या तिथल्याच नर्स अरुणा शानबागना 1973 पासून 2015 पर्यंत नर्सेसच्या किती पिढ्यांनी सांभाळलं, अंगावर एक बेडसोअर होऊ दिला नाही, त्यात सगळ्या धर्माच्या मुली होत्या. आमच्या वॉर्डात पण लक्ष्मीपूजनाची आणि ईदची नाइट आम्ही ख्रिस्ती मुली मागून घ्यायचो आणि 24 डिसेंबरला बाकीच्या म्हणायच्या तुम्ही जा चर्चला, आम्ही बघतो. ड्यूटी लिस्टमधली ही अदलाबदल कुठल्या सर्क्युलरमध्ये नव्हती.

आमच्या पाळकांना माझी एवढीच विनंती आहे की रविवारच्या प्रार्थनेत नाइटवरून थेट येणाऱ्यांची, सिक्युरिटीवाल्यांची, ठेक्यावरच्या बायकांची पण आठवण ठेवा आणि साक्ष मागताना कामावरची पण मागा, तरुण मुलं ऐकत असतात. आणि संपादकसाहेब, तुमच्याकडे एक मागणं. पुढच्या 12 मेला पान काढाल तेव्हा आमच्या फोटोबरोबर वॉर्डातल्या मावशी आणि मामा लोकांचे पण फोटो छापा, आणि बातमीदाराला सांगा की त्यांना पगार किती आणि कधी मिळतो ते पण विचारून ये.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स, अहिल्यानगर