लॅपटॉपच्या पोर्टवर नीट लिहा की राव

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

लॅपटॉप टीव्हीला जोडायचा म्हटलं की लोक आधी केबलच बदलत बसतात, पण खरी गोची बहुतेक वेळा पोर्टची, म्हणजे केबल खोचायच्या भोकाची असते हो. हल्लीच्या बऱ्याच बारीक लॅपटॉपला टीव्हीला चित्र-आवाज नेणारा एचडीएमआय पोर्टच नसतो, नुसता यूएसबी-सी, आणि प्रत्येक यूएसबी-सी मधून चित्र बाहेर जात नाही, त्याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे त्याच पोर्टमधून चित्र पाठवायची सोय लागते. काही लॅपटॉपवर भोकाशेजारी बारीकसं 'डी-पी' चिन्ह असतं, काहींवर काहीच नसतं, मग माणूस अडॅप्टर आणतो आणि टीव्हीवर 'नो सिग्नल'!

दुसरं म्हणजे जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ असेल तर ४के, म्हणजे जास्त बारकाव्याचं चित्र सेकंदाला ३० फ्रेमवरच अडतं, माउस सुद्धा अडखळत चालतो, ६० फ्रेमसाठी लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हीकडे एचडीएमआय २.० लागतो जो २०१३ मध्येच आलाय. हे खोक्यावर ठळक छापायला कंपन्यांना काय जड जातं?

बाकीचं सोपंय, विंडोजमध्ये कीबोर्डवरची विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबून एक्स्टेंड (टीव्ही दुसरी स्क्रीन म्हणून) घ्यायचं, आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर साउंड आउटपुटला टीव्ही निवडायचा. टास्कबार कडेला कापला जात असेल तर तो टीव्हीचा ओव्हरस्कॅन (चित्र जरा मोठं करून कडा कापणं), पिक्चर सेटिंगमध्ये बंद होतो.

घरी बसून शिकणाऱ्या मुलांना मोठ्या स्क्रीनचा खरंच उपयोग होतो, तेव्हा तुमच्या पेपरात यावर एकदा सविस्तर लेख द्याच, पोर्टच्या फोटोंसकट.

आपला,
एक नियमित वाचक