स्वतःच्या निबंधाचे खंडन माझ्या हाती ठेवणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आपल्याला खासगी पत्र पाठवूनही भागले असते. परंतु ज्या दोन वचनांसाठी मी आपल्याकडे आले होते, ती वाचून दाखवून आजवर कित्येक जणींना गप्प बसवले गेले आहे. म्हणून आपले आभार चारचौघांत मानावेत असे ठरवले.

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाची जी पत्रे आहेत, त्यांतील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायातील ३४ आणि ३५ ही ती वचने. स्त्रियांनी मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या सभेत, बोलू नये आणि काही जाणून घ्यायचे असल्यास घरी आपापल्या पतीला विचारावे, असे तेथे म्हटले आहे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात मात्र प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रियांनी मस्तक झाकावे की नाही, याचा पौल विचार करतो. म्हणजे त्या बोलत होत्या हे तो गृहीतच धरतो. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो किंख्रियातील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो आणि युनिया या स्त्रीचे नाव प्रेषितांच्या संदर्भात आदराने घेतो. हे सारे एकाच माणसाच्या लेखणीतून कसे उतरले, एवढाच माझा प्रश्न होता.

आपल्याकडे येण्यापूर्वी हा प्रश्न मी ज्यांना विचारला, त्यांपैकी एका जबाबदार व्यक्तीने, मंडळीत असले प्रश्न विचारणे हेच या वचनाचे उल्लंघन होय, असे सांगून विषय मिटवला. युक्तिवाद म्हणून तो अभेद्य होता, हे मान्य करायला हवे. दुसऱ्या टोकाचे एक विद्वान गृहस्थ म्हणाले की ती वचने मागाहून घुसडलेली आहेत, हे केव्हाच सिद्ध झाले आहे. कोणी सिद्ध केले आणि कोणत्या हस्तलिखितावरून, असे विचारताच त्यांना दुसरे काम आठवले. दोघांची मते परस्परविरुद्ध असली, तरी ग्रंथ उघडण्याची गरज दोघांनाही वाटली नव्हती, आणि आजही त्या आठवणीने माझा संताप होतो.

आपण मत सांगण्याआधी हस्तलिखितांची छायाचित्रे समोर ठेवली. पॅरिसमध्ये असलेली सहाव्या शतकातील क्लारोमोंटानुस ही ग्रीक-लॅटिन प्रत आणि नवव्या शतकातील तिच्या दोन आप्त प्रती यांत ही वचने ३३व्या वचनानंतर न येता अध्यायाच्या अगदी शेवटी, ४०व्या वचनानंतर येतात. मजकूर असा जागा बदलतो तेव्हा तो आधी समासात लिहिलेला असावा आणि पुढच्या लेखनिकांनी आपापल्या समजुतीने त्याला आत घेतले असावे, ही शंका त्यातूनच निघते. गॉर्डन फी यांनी १९८७च्या आपल्या भाष्यात हीच बाजू मांडली. ते पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती परंपरेतले श्रद्धावान अभ्यासक होते, त्यामुळे ही शंका केवळ नास्तिकांनी काढलेली आहे असे म्हणण्याची सोय उरत नाही. पुढे १९९५मध्ये फिलिप पेन यांनी व्हॅटिकनमधील चौथ्या शतकातील प्रतीच्या समासात या ठिकाणी असलेल्या दोन टिंबांकडे लक्ष वेधले आणि ती पाठभेदाची खूण असल्याचे सुचवले. ती टिंबे मूळ लेखनिकाच्या काळातील की कित्येक शतकांनंतरची, यावरचा वाद तेव्हापासून चालू आहे.

आपण स्वतः ही वचने प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेली, मानता आणि तसा निबंधही आपण लिहिलेला आहे, हे मला ठाऊक होते. म्हणून निघताना आपण तो निबंध द्याल अशी माझी अपेक्षा होती. आपण दिलीत ती त्याच निबंधाचे खंडन करणाऱ्या लेखाची छायाप्रत. कडा मळलेल्या, एक कोपरा दुमडलेला, आणि समासात आपल्या बारीक अक्षरातील पेन्सिलीच्या नोंदी. ही वचने मुळीच नाहीत असे एकही ग्रीक हस्तलिखित आजवर हाती आलेले नाही, या वाक्याशी आपण लिहिले होते, “याला माझ्याकडे उत्तर नाही.” इ.स. २००च्या सुमाराचा चेस्टर बीटी संग्रहातील पपायरस ही वचने नेहमीच्याच जागी देतो आणि तिसऱ्या शतकाच्या आरंभी तर्तुल्यन हा ख्रिस्ती लेखक त्यांचा पौलाचे शब्द म्हणून आधार घेतो, या मुद्द्याजवळ केवळ एक बरोबरची खूण होती. आणखी खाली, जेथे लेखकाने आपल्यावर जरा बोचरी टीका केली आहे, तेथे “रास्त” एवढाच शब्द होता.

सर, त्या एका शब्दासाठी हे पत्र आहे. विद्वत्तेच्या क्षेत्रात चूक दाखवणाऱ्याचे नाव तळटीपेतूनही गाळण्याची रीत आहे. आपण मात्र त्याचा लेख एका अनोळखी विद्यार्थिनीच्या हाती दिलात, तोही आपल्या कबुलीसकट. असा सज्जनपणा शिकवता येतो की नाही, मला सांगता येणार नाही. पण ज्या विषयात दोन्ही बाजूंना देव, धर्म आणि सत्य आपल्याच खिशात असल्याचा विश्वास असतो, तेथे समोरच्याचा बळकट मुद्दा बळकट आहे असे म्हणणारा माणूस भेटला की अभ्यास करावासा वाटतो.

आता थोडे धिटाईने लिहिते. त्या नोंदी वाचूनच मी आपल्या मतापासून दूर गेले आहे. त्याच अध्यायात, अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने गप्प राहावे, आणि दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर आधीच्या संदेष्ट्याने थांबावे, असे पौल सांगतो. मौनाची आज्ञा तेथे तीन गटांना आहे, आणि पहिल्या दोघांना कायमचे मुके करण्याचा अर्थ त्यातून कोणीही काढत नाही. स्त्रियांना दिलेली तिसरी आज्ञाही सभेत मध्येच प्रश्न विचारून येणाऱ्या व्यत्ययापुरती असावी आणि ती पौलाचीच असावी, असे मला सध्या वाटते.

यावर आपण काय विचाराल, याचा मला अंदाज आहे. “नियमशास्त्रही असेच सांगते,” असे ३४व्या वचनात आहे, आणि स्त्रियांनी सभेत बोलू नये अशी आज्ञा मोशेच्या पाच ग्रंथांत कोठेही सापडत नाही. पौलासारखा परूश्यांच्या, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या, शिस्तीत वाढलेला माणूस असा संदिग्ध हवाला का देईल? पती स्त्रीवर सत्ता चालवील असे सांगणाऱ्या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवणारे स्पष्टीकरण मला तोकडे वाटते आणि दुसरे मला सुचलेले नाही. माझ्या टिपणात त्या ओळीसमोर मी आपल्याच शब्दांत कबुली लिहून ठेवली आहे. टिपण सोबत जोडले आहे. त्याच्या समासात आपण मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी