साखरपुड्याच्या अंगठीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीच्या अंगठीसाठी बाजूला काढून ठेवलेल्या दोन्ही नमुन्यांचे फोटो पाहिले. आई, खड्यांच्या फुलाची अंगठी हॉलमध्ये उठून दिसेल हे तुझं म्हणणं खरंच आहे. तरी माझं मत साध्या अंगठीला.

बाबा, फुलाच्या अंगठीचं 5 ग्रॅम वजन खड्यांसकट आहे का, ते आधी विचारा. त्यात अर्धा ग्रॅम अमेरिकन डायमंड असतील आणि सोन्याचा भाव सगळ्या वजनाला लावला, तर दहावा हिस्सा नकली खड्यांवर गेला. पुढे मोडीत घालताना मात्र सराफ खडे वगळून निव्वळ सोनंच धरणार. मजुरी आणि 3 टक्के जीएसटी तर परत येतच नाही. नक्षी जितकी जास्त तितकी मजुरी चढी, म्हणजे तूटही मोठी.

शिवाय ती रोज वापरायची आहे. खडे धरणाऱ्या बारीक नख्या 22 कॅरेटमध्ये मऊ पडतात. ओढणीत, स्वेटरमध्ये अडकून त्या उचलल्या जातात आणि खडा कुठे पडला हे कळतही नाही. फटींमध्ये कणीक जाऊन बसते ती वेगळीच. खडा हवाच असेल तर एकच घ्या, 18 कॅरेटमध्ये, बंद कोंदणात, बोटाच्या फार वर न येणारा. 18 कॅरेटमध्ये सोनं 75 टक्के आणि बाकी इतर धातू, म्हणून पकड टिकते.

साधी म्हणजे डोळे मिटून घ्यावी असंही नाही. पोकळ अंगठ्या भरीव दिसतात, पण दाबल्या की पोचे पडतात. तिच्या बोटाच्या मापाला, म्हणजे आतला व्यास साडेसोळा मिमीच्या आसपास धरला तर, अडीच मिमी रुंद आणि दीड मिमी जाड भरीव पट्टी 22 कॅरेटमध्ये साधारण पावणेचार ग्रॅम भरते. काट्यावर दोन ग्रॅमच दिसले तर समजा, आत पोकळी आहे. याहून बारीक पट्टी घेऊ नका, ती वाकून लंबगोल होते.

शिक्के भिंगातून पाहा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा 22K916 (खड्याच्या अंगठीला 18K750) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. तिथे अंगठीऐवजी दुसरंच काही आलं तर उठून यायचं. बिलावर निव्वळ वजन, खड्यांचं वजन आणि किंमत, मजुरी, हॉलमार्किंगचं शुल्क, सगळं वेगवेगळं लिहून घ्या. पक्क्या बिलाशिवाय भाव कमी करून देतो म्हणाला तरी नको.

मापाला दोरा नेऊ नका, तो ताणला जातो. वहिनीलाच दुकानात न्या. त्या निमित्ताने तिची पसंतीही कळेल, जी अजून कुणी विचारलेली दिसत नाही! माप संध्याकाळी घ्या, सकाळच्या गारव्यात बोट बारीक असतं. अंगठी पेरावरून थोडी अडखळत उतरली पाहिजे. साधी अंगठी पुढे कापून, जोड देऊन वाढवता येते, फक्त काप शिक्क्यांवर येऊ देऊ नका. सगळ्या बाजूंनी खडे असलेली मात्र जवळजवळ वाढतच नाही.

बिलाचा फोटो पैसे देण्याआधी मला पाठवा.

तुमची,
लेक